आठवी खुंटी

रज्जब ५, शनिवार

पोहोचलो एकदाचा! तकिय्या, तू वही दिलीस म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर शिंगावर कानस चालवणाऱ्या या बोटांना लेखणी कुठली पेलायला. रोजचं रोज लिही, परत आलास की वाचून दाखव, म्हणजे तिकडे काम करत होतास की मेजवान्या झोडत होतास ते मला कळेल, असं तू म्हणालीस. तर ऐक, मेजवान्याच झोडतोय. ज्वारीची गरम भाकरी, मेथीचा फेस घातलेला मटणाचा रस्सा, शेवटी मध. तुझ्या हातचा रस्सा याहून सरस, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं सुखाने वाचता येईल.

शेख मुहसिन यांचं घर म्हणजे कड्याच्या टोकावरचा सहा मजली दगडी बुरूज. बसथांब्यापासून खेचरावर तीन तास. खेचरवाल्याचं नाव हिजाम. तुझ्याहून तिखट जिभेचं माणूस जगात नसेल अशी माझी समजूत होती, ती आज फिटली. अर्ध्या वाटेत खेचर ठेचकाळलं, माझं पोतं सुटलं आणि बैलाची दोन उत्तम शिंगं दरीत गडगडत गेली. तो म्हणे, उस्ता, गाठ तुझी ढिली. मी म्हटलं, खेचर तुझं आंधळं. तो म्हणे, त्याला नावं ठेवू नकोस, तुझ्यापेक्षा त्याला जास्त समजतं. असे भांडत भांडतच आम्ही दाराशी आलो.

शेख उंबऱ्यावर उभे. पांढरी शुभ्र दाढी, गोड हसू. म्हणाले, माझ्या दारात भांडण आणलंत, आता निवाडाही माझ्याकडूनच घ्या. जमिनीवर फडकं पसरलं. हिजामने हसत हसत कमरेचा बाकदार जंबिया म्यानातून उपसून त्यावर ठेवला, मग मीही माझा ठेवला. न ठेवून सांगतो कुणाला? पंचासमोर जंबिया ठेवला की त्याचा शब्द मान्य, आणि निवाडा होईपर्यंत जंबिया त्याच्या घरात. पण दोन शिंगांसाठी! तुला कळलं तर हसून हसून कळा सुटतील. शेख म्हणाले, आधी जेवा, निवाडा सकाळी.

माझा जंबिया वर नेऊन खुंटीला टांगला. बाबांच्या बैलाच्या शिंगाची ती मूठ, मधोमध पांढरी रेघ असलेली. लग्नापासून कमरेचा तो कधी निघाला नव्हता. जेवताना हात सारखा रिकाम्या म्यानावर जात होता.

दहा दिवसांचं काम आहे. तुझे दिवस भरायच्या आत घरी येतो. मागच्या दोन्ही वेळी बाळ गेलं तेव्हा मी बाजारात होतो आणि तू एकटीच रडलीस. या वेळी उशाशी बसेन, कबूल केलंय.

रज्जब ६, रविवार

कामाची खोली सगळ्यात वर. भिंतीत ओळीने आठ खुंट्या. सातांवर सात जुने जंबिये, आठवीवर माझा. हिजामचा मात्र खिडकीतच पडलाय. निवाडा आज नाही, उद्या बघू, म्हणाले शेख.

सातांच्याही मुठी किड्यांनी पोखरल्यात. शिंगाला कीड लागते हे गिऱ्हाइकाला खरं वाटत नाही, पण तीस-चाळीस वर्षांत बारीक भुंगेरा आतून पीठ करून टाकतो. शेखांना सातही मुठी नव्या हव्यात, त्याही अस्सल. मी आणलेल्या प्रत्येक शिंगाला त्यांनी स्वतः निखारा लावून पाहिला. पारख आहे म्हाताऱ्याला. शिंग जळलं की केस जळल्याचा वास येतो, लाकूड जळलं की चुलीचा. सना शहरात, आपल्या बाजारात, रंगवलेलं लाकूड शिंग म्हणून विकणारे कमी नाहीत, आणि खोटं कशाला बोलू, शिकाऊ असताना तसल्या दोन-चार मुठी मीही केल्यात. वास जिन्याने थेट खालपर्यंत गेला असणार, कारण नाजी आचारी खालून ओरडला, कुणाची दाढी पेटली रे?

एक गोष्ट मला उमगली नाही. टांगून ठेवलेली मूठ कोरडी पडते, भेगाळते. शिंगाला चकाकी येते ती हाताच्या तेलाने, म्हणून तर आजोबांच्या कमरेच्या जंबियाला मोल. या मुठी आतून पोखरलेल्या आहेत, पण वरून तेलकट आणि कोमट, आत्ताच कुणी हातातून खाली ठेवल्यासारख्या. म्हटलं, खिडकीतून ऊन येत असेल.

रज्जब ७, सोमवार

वाईट झालं. हिजाम सकाळी चारा आणायला उतरला आणि बांधावरून घसरला. पाच पुरुष खोल. मी स्वतः खांदा दिला. सबंध वाट त्याच्याशी भांडलो, आता त्याचंच वाईट वाटतंय.

परत आल्यावर शेखांना म्हटलं, भांडणारा गेला, भांडणही गेलं, माझा जंबिया द्या. शेख हळहळले. म्हणाले, पोरा, दोघांचं ऐकल्याशिवाय निवाडा नाही, आणि निवाड्याशिवाय जंबिया नाही. माझ्या वडिलांनी हे कधी मोडलं नाही, मी कसं मोडू? हिजामचा एखादा वारस शोधू. कुणीतरी म्हणालं, त्याला वारस नाही. शेख म्हणाले, बघू.

हिजामचा जंबिया त्यांनी त्याच्याबरोबर पुरायला दिला. खेचरवाला आपल्या घरात आहेच, असं काहीतरी नाजीशी बोलले.

रज्जब ९, बुधवार

घरात सात गडी आहेत. नाजी आचारी, एक गवंडी, एक खेचरवाला, एक न्हावी, एक विहिरी खणणारा, एक सुतार, एक मधमाश्या पाळणारा. आज सगळे एका ताटाभोवती बसले तेव्हा माझं लक्ष गेलं. सातांच्याही कमरेला म्यानं रिकामी.

नाजी तसा गमत्या माणूस. भाकरी वाढताना म्हणाला, शहरातून आलास, इमामसाहेबांची तब्येत कशी आहे? मी हसलो. मुलखावर राज्य करणाऱ्या इमामांना जाऊन अठरा वर्षं झाली, त्यांचं राज्यही गेलं. बाकीचे कुणी हसले नाहीत. न्हाव्याने विचारलं, कुठले इमाम गेले? आणि त्याने नाव घेतलं ते त्यांच्याही आधीच्या इमामांचं.

नाजीची दाढी काळीभोर आहे. जेमतेम चाळिशीचा दिसतो.

रज्जब ११, शुक्रवार

आजचं अक्षर समजून घे.

सकाळी पहिला जंबिया घेतला. मूठ उकळत्या पाण्यावर धरली, आतली राळ सैल केली आणि पात्यावरून ओढून काढली. त्याच क्षणी खाली काहीतरी धपकन पडलं. धावत गेलो तर नाजी चुलीपाशी आडवा. डोळे उघडे, छाती हलत नाही. बाकीचे कामं टाकून आले नाहीत. गवंडी एवढंच म्हणाला, उस्ता, वर जा, नवी मूठ बसव, लवकर.

काय समजून गेलो कोण जाणे. पण गेलो. राळ ओतली, नवी मूठ बसवली, तळव्याने घासली. हातातलं शिंग आपोआप कोमट झालं. खालून नाजीचा खोकला ऐकू आला.

संध्याकाळी त्याने मला जास्तीचा मध वाढला. म्हणाला, छान बसलीय.

रज्जब १२, शनिवार

बाजाराचा दिवस. कुणाला न विचारता पहाटे निघालो. कुणी अडवलंही नाही. बसमध्ये पाय ठेवला आणि ड्रायव्हरने माझ्या कमरेकडे पाहिलं. विचारलं, म्यान रिकामं कसं? कुणाकडे ठेवलायस? शेख मुहसिन म्हटल्यावर त्याने खिडकीबाहेर तोंड केलं. म्हणाला, उतर भाऊ, मला लेकरं आहेत. तारणातला माणूस पळवला म्हणून अख्ख्या टोळीशी वैर कोण घेणार? चहावाल्याने माझ्यापुढचा पेला उचलून नेला.

रिकाम्या म्यानाचा माणूस. दुसरा कुणी असता तर मीही हेच केलं असतं.

तळहात चरचरतोय. चढून आलो तेव्हा शेख दारात उभे होते. उन्हाचं कशाला गेलास, म्हणाले.

रज्जब १५, मंगळवार

नाजी बोलला. कांदे चिरत, वर न बघता.

त्याचं भांडण मूठभर मिठावरून झालं होतं. गवंड्याचं दोरावरून. न्हाव्याचं एका कोंबडीवरून. प्रत्येक वेळी शेख दारात हसत उभे, फडकं पसरलेलं, निवाडा सकाळी. प्रत्येक वेळी दुसरा माणूस दोन दिवसांत गेला. कुणाला साप चावला, कुणाला ताप भरला, कुणी घसरलं.

मी म्हटलं, तेव्हा यांचे वडील असतील. नाजी म्हणाला, हेच होते. दाढी एवढीच पांढरी होती.

मग म्हणाला, घराला आचारी हवा होता, आचारी आला. विहीर हवी होती, खणणारा आला. आता मुठींना कीड लागली म्हणून तू आलास. तीस-चाळीस वर्षांनी परत लागेल. बाजारातून दर वेळी मुठी घडवणारा उस्ता आणण्यापेक्षा घरातलाच बरा.

मी विचारलं, माझ्या मुठीला कीड लागली तर ती कोण बदलणार?

रज्जब १९, शनिवार

तुझं पत्र! तुझ्या भावाच्या, अब्दोच्या अक्षरात, पण शब्द सगळे तुझे. मुलगा झाला. हमूद. सोळाव्या तारखेला, सकाळी. जिवंत, धट्टाकट्टा, आवाज तुझ्यावर गेलाय म्हणे. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. उशाशी बसणार होतो मी, तकिय्या.

पुढे तू लिहितेस, दहा दिवस उलटून गेले, तिथल्या मधात पाय रुतले असतील. सव्वा महिना होऊ दे, मग मीच पोराला घेऊन येते आणि कान धरून तुला खाली उतरवते.

येऊ नकोस.

पत्र शेखांनी आधीच वाचलं होतं. मुलगा, मुलगा, करत सगळ्यांना खजूर वाटले. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

रज्जब २६, शनिवार

आपल्या बाजारातली जुनी लबाडी करून पाहिली. आठवडाभर लपूनछपून हुबेहूब माझ्या मुठीसारखी मूठ घडवली, पांढऱ्या रेघेसकट, आणि जुन्या पात्यावर बसवली. दुपारी सगळे पानं चघळत बसलेले असताना ती आठव्या खुंटीवर टांगली, माझा जंबिया कमरेला लावला आणि निघालो. ड्रायव्हरने कमरेकडे पाहिलं, सलाम केला. बस सुटली!

शेखांच्या मुलखाच्या शिवेचा दगड मागे पडला आणि कमरेला कडकन वाजलं. मूठ पांढरी पडलेली, कोरडी, टोकापासून भेगाळत चाललेली. आणि माझा तळवाही, तकिय्या. रक्त नाही. शेगडीला जास्त जवळ धरलेल्या शिंगाचे पापुद्रे सुटतात, तसे. छातीत हवा जाईना. लोकांनी मला उतरवून रस्त्याकडेला ठेवलं. रांगत परत आलो. मूठ खुंटीला लागली तशी भेग बुजली. श्वास आला.

नक्कल शेखांनी चुलीत टाकली. रागावले नाहीत. म्हणाले, हात चांगला आहे तुझा.

शाबान ३, शनिवार

मधवाल्याच्या गिऱ्हाइकाजवळ तुला चिठ्ठी दिली. येऊ नकोस, एवढंच लिहिलं होतं. जेवताना शेखांनी ती वाचून दाखवली.

उजव्या हाताला काही जाणवत नाही. तळव्यावरच्या रेघा गेल्यात. खुंटीवरची मूठ मात्र रोज अधिक चमकते.

शाबान १०, शनिवार

सातही मुठी झाल्या.

भिंतीत नववी खुंटी ठोकलीय. माझ्या मांडीएवढ्या उंचीवर.

शाबान १२, सोमवार

शेखांनी जवळ बसवून घेतलं. म्हणाले, मी काही निर्दय नाही. वारस जामीन राहू शकतो. तुझ्या लेकासाठी छोटासा जंबिया कर, माझ्याकडून भेट. त्याच्या हाताने फडक्यावर ठेवू, तो जंबिया इथे राहील, तुझा तू घेऊन जा. पोरालाही आत्ता घेऊन जा, आईचं दूध तोडायला मी काय राक्षस आहे? वयात आला की त्याचे पाय आपोआप इकडे वळतील. तू या खेपेच्या मुठी केल्यास, पुढच्या खेपेला तो.

शेवटचं शिंग त्यांनी स्वतः काढून दिलं.

मी म्हटलं, मेहरबानी.

तुला आणायला खेचर पाठवायचं तर आधीच ठरलं होतं.

शाबान २०, मंगळवार

विचार केला. जे जिवंत अंगावर वाढलं तेच माणसाला धरून ठेवतं. शिंग, नख, केस. लाकूड नाही.

छोटी मूठ जर्दाळूच्या लाकडाची करतोय. डाव्या हाताने. तेल, काजळी, हळद, परत तेल. इतकी खोटी आणि इतकी सुंदर मूठ मी आजवर केली नाही. नखाएवढंही शिंग तिच्यात घातलं नाही, भीती वाटते. शिंगाचा तुकडा विहिरीत टाकला. भुसा, कपचे, सगळं गवंडी रोज झाडून नेतो. खोलीत आता शिंग म्हणून फक्त खुंट्यांवरचं.

हे जमलं तर खुंटीवर लाकूड राहील आणि आपण तिघंही घरी. तिघंही, तकिय्या!

शाबान २७, मंगळवार

शेखांनी मूठ हातात घेतली. उन्हात धरली. बराच वेळ. वा, म्हणाले.

चांदीची फुलं जडवलीत. चांदी जडवलेली मूठ कुणी जाळून बघत नाही. नाही बघत.

शाबान २८, बुधवार, सकाळ

खिडकीतून दिसलात. खेचरावर तू, कुशीत हिरव्या दुपट्यात तो. अब्दो मागे चालतोय. खेचरवाल्याशी भांडते आहेस, इथपर्यंत ऐकू येतंय. माझी बाई.

मला खाली यायची मनाई आहे. माझा जंबिया समोर ठेवलाय, निवाडा झाला की कमरेला लावायचा. शेगडी पेटलेली आहे, राळेसाठी. सवयीने पेटवली.

खाली फडकं पसरलं. तू ओरडतेस, माझा नवरा आधी दाखवा, मग काय ते बोला. शेख हसताहेत. पोर रडतंय. आवाज खरंच तुझ्यावर—

ठेवला. छोटा जंबिया त्याच्या चिमुकल्या मुठीत धरून ठेवला असणार.

शेख म्हणताहेत, आमच्या घरची रीत, एकदा पारखून—

निखारा मागवला.

नाजी वर आलाय. खालची चूल विझली म्हणत माझ्या शेगडीतला निखारा चिमट्यात धरला. माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, सावकाश उतर. त्याने माझ्या जंबियाकडे पाहिलं. शेगडीकडे पाहिलं. म्हणाला, सहा जिने आहेत, माझे गुडघे दुखतात.

लाकडाचा वास येईल. चुलीचा. मग शेख खऱ्या शिंगाची मागतील, आणि पोर इथंच—

शिंग कुठून आणू? विहिरीत टाकलं मी. बाकीच्या सात मुठी म्हणजे सात माणसं.

पांढरी रेघ. बाबांचा बैल.

वास जिन्याने थेट खाली जातो.

माझी मूठ ठेवली निखाऱ्यावर. तडतडते आहे. केस जळल्याचा वास, भरपूर, लाकडाचा झाकेल एवढा— हात पेटलाय, डावा नाही, डाव्याने लिहितो—

नाजी परत वर येईल, वही तुझ्या गाठोड्यात घालेल. अब्दोकडून वाचून घे. शिवेच्या पलीकडे गेल्यावरच. हमूदला ही कला शिकू देऊ नकोस. जंबिया कधी कुणापुढे

शेख बोलले. अस्सल, म्हणाले. अस्सल शिंग. न्या पोराला

आता भांडू नकोस. माझी वाट बघत थांबू नकोस, जा, तकिय्या, त्याचं डोकं झाकून घे, वाऱ्याचं